वाट मोकळी करून देणारा शिपाई

धार आणि देवास ही दोन नावे कानी पडताच मराठी मनात पवारांच्या घराण्याची स्मृती जागी होते. अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात उतरल्या. धारेजवळ अमझेऱ्याच्या रणांगणावर १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांच्या सैन्याने मोगल सुभेदाराचा मोड केला. त्या लढाईत उदाजी पवारांची तलवारही चालली. पुढे पवारांच्या एका शाखेने धारेस ठाणे केले. तुकोजी व जिवाजी या दोघा बंधूंपासून देवासची थोरली आणि धाकटी पाती निघाली. त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, कारागीर अशी कितीतरी मराठी कुटुंबे या मुलखात आली आणि इथल्या काळ्या मातीत रुजली. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. राज्ये गेली, तरी शिपाईगिरीची आठवण या भूमीतून पुसली गेली नाही.

चौदा जानेवारीला घरोघरी तिळगूळ वाटला जातो. याच तारखेला, १७६१ साली, पानिपतावर धारचे यशवंतराव पवार धारातीर्थी पडले. आणि याच तारखेला, १९५३ साली, आपल्या भूदलाचे पहिले भारतीय सरसेनापती जनरल करिअप्पा सेवानिवृत्त झाले. त्या स्मरणार्थ हल्ली हा दिवस देशभर माजी सैनिकांचा दिन म्हणून पाळला जातो. रणात पडलेला सरदार आणि सेवा पुरी करून घरी परतलेला शिपाई, या दोघांची आठवण एकाच दिवशी करावी असा हा योग आहे. पहिल्याचे गुणगान बखरकारांनी व शाहिरांनी केले. दुसरा आपल्याच आळीत, ओसरीवरच्या बाजेवर बसलेला असतो, आणि त्याच्याजवळ घटकाभर बसायला आपल्याला सवड होत नाही. या दुसऱ्याविषयी आज आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

ओसरीवरचे आजोबा

धारेहून फार दूर नाही अशा महूच्या छावणीत आजही सैन्याची मोठमोठी विद्यालये आहेत. पायदळाचे अधिकारी तेथे शिकतात, दळणवळणाचे तंत्रज्ञ तेथे तयार होतात. छावणीच्या आसपासच्या गावांतून सैन्यात गेलेले आणि निवृत्त होऊन परतलेले पुष्कळ लोक आहेत. महाराष्ट्रातील सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या जिल्ह्यांतून तर असे गाव विरळाच, की जेथे एखादे तरी घर फौजेचे नाही.

या वृद्ध सैनिकांची एक रीत आमच्या पाहण्यात आहे. ते पलटणीतल्या गमती सांगतील, स्वयंपाक्याची थट्टा सांगतील, बर्फातल्या थंडीचे वर्णन करतील. परंतु लढाईचा विषय निघाला की त्यांचे बोलणे आखडते. नातवंडे विचारतात, "आजोबा, तुम्ही काय केलेत?" आजोबा म्हणतात, "काही नाही रे, हुकूम होता तसे केले." मुलांना वाटते, खरेच काही केले नसेल. हळूहळू घरच्यांनाही तसेच वाटू लागते. अशा रीतीने एका माणसाचे शौर्य त्याच्या हयातीतच विसरले जाते.

ज्या गोष्टी हे आजोबा बोलत नाहीत त्या कशा असतात, हे समजावे म्हणून आम्ही येथे एका निवृत्त मराठी सैनिकाची हकिगत देत आहोत. तो माळव्याचा रहिवासी नव्हे, कारवारकडचा. परंतु त्याने केलेले काम सरकारी सन्मानपत्रात तासातासाने नोंदलेले आहे, आणि म्हणून त्याच्याविषयी अंदाजाने बोलावे लागत नाही. त्याचे नाव मेजर रामा राघोबा राणे.

चेंडिया गावचा मुलगा

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. कारवारजवळील चेंडिया हे त्यांचे मूळ गाव. वडील पोलीस शिपाई होते. त्यांची बदली होईल तिकडे घर जाई आणि मुलाची शाळाही बदले. अशा कुटुंबात पैसा बेताचा असतो, शिस्त मात्र भरपूर असते. १९४० च्या जुलैत, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, बावीस वर्षांचा हा तरुण सैन्यात भरती झाला आणि बॉम्बे इंजिनियर्स या पलटणीत गेला. खडकीला जिचे मुख्य ठाणे आहे, तीच ही पलटण. आपले जुने लोक तिला सफरमैना म्हणत.

सफरमैना पलटणीचे काम काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सैन्य पुढे जावयाचे असेल तर नदीवर पूल बांधणे, तुटलेला रस्ता जोडणे, शत्रूने पुरलेले सुरुंग शोधून काढणे, आडवे टाकलेले अडथळे उडवून देणे, ही कामे तिच्याकडे असतात. माघार घ्यावयाची असेल तर सर्वांत शेवटी मागे राहून पूल आणि कोठारे नष्ट करणे, हेही तिलाच करावे लागते. म्हणजे पुढे जाताना सर्वांच्या आधी आणि मागे येताना सर्वांच्या नंतर, असे या लोकांचे स्थान असते. हातात बहुधा कुदळ, फावडे किंवा दोर असल्याने समोरून आलेल्या गोळीला लगेच उत्तरही देता येत नाही.

ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर राणे यांनी हा अनुभव घेतला. सैन्य मागे हटत असता काही तुकड्यांसह त्यांना बुथिडाँग येथे मागे ठेवण्यात आले. महत्त्वाची ठिकाणे नष्ट करून मग निघावयाचे, आणि नौदलाची जहाजे येऊन त्यांना घेऊन जातील, असे ठरले होते. काम पुरे झाले. परंतु ठरल्याप्रमाणे जहाजे येऊ शकली नाहीत. जपानी गस्त चालू असलेली नदी आपल्या बळावर ओलांडून राणे आणि त्यांचे सोबती परत आले. त्या कामगिरीनंतर त्यांना हवालदाराचा हुद्दा मिळाला. पुढे, देश स्वतंत्र झाल्यावर चारच महिन्यांनी, १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. पोलीस शिपायाचा मुलगा अधिकारी झाला.

चार दिवसांची वाट

त्या वेळी काश्मीरची लढाई जोरात होती. राजौरी हे गाव १९४७ च्या हिवाळ्यात हल्लेखोरांच्या हाती गेले होते आणि तेथील लोकांवर भयंकर प्रसंग ओढवला होता. जे जिवंत होते त्यांची सुटका करावयाची तर नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा डोंगरी रस्ता मोकळा करणे भाग होते. रस्ता सापासारखा डोंगराभोवती वळसे घेत जाणारा, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. शत्रूने त्यात सुरुंग पुरले होते, मोऱ्या उडवल्या होते तेथे खड्डे पडले होते, आणि जागोजाग चिडाची मोठी झाडे तोडून आडवी टाकली होती. भोवतालच्या टेकड्यांवरून मशीनगनचा मारा होता. रणगाडे असूनही ते या रस्त्याने एक पाऊल पुढे जाऊ शकत नव्हते. आधी कोणीतरी पायी जाऊन, जमिनीवर वाकून, हातांनी वाट मोकळी करावयास हवी होती. हे काम एकोणतीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंट राणे यांच्या तुकडीवर सोपवण्यात आले.

८ एप्रिल १९४८. सकाळचे अकरा वाजले होते. तुकडी रणगाड्यांजवळ उभी होती, काम सुरू व्हावयाचेच होते, तोच उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. दोन माणसे जागीच ठार झाली आणि पाच जखमी झाली. जखमींत स्वतः राणे होते. अशा वेळी जखमी अधिकाऱ्याने मागे जाणे हे कोणत्याही नियमाला सोडून झाले नसते. राणे यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केले. दिवसभर ते माऱ्याखाली रणगाड्यांजवळच होते. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत जाऊन त्यांनी सुरुंग काढले, आणि चालकाला कधी थांबावयाचे व कधी पुढे यावयाचे हे दोर ओढून कळवले, अशी त्या दिवसाची गोष्ट आजही त्यांच्या पलटणीत सांगतात. दुपारी साडेचारच्या सुमारास डोगरा पलटणीने बरवालीची टेकडी जिंकली. आसपास शत्रू अजून होताच. तरीही राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणवाट काढू लागले. रात्री दहापर्यंत हे काम चालले.

९ एप्रिलला पहाटे सहाला ते पुन्हा कामावर होते. दुपारी तीनला वळणवाट तयार झाली आणि सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत राणे बसले. अर्धा मैल गेल्यावर झाडांचा अडथळा आला. उतरून त्यांनी तो सुरुंगाने उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा, तोही उडवला. मग एक मोरी उद्ध्वस्त झालेली आढळली. काम सुरू होण्यापूर्वीच मशीनगन सुरू झाली. तरी तेथेही वळसा काढून गाड्या पुढे नेल्या. सव्वासहाला उजेड मंदावत असता पाच प्रचंड झाडांचा अडसर समोर आला. त्याच्याभोवती सुरुंग पेरलेले होते. राणे सुरुंग काढू लागले होते, पण काळोख पाहून वरिष्ठांनी रणगाड्यांना रात्रीपुरता मुक्काम करावयास लावले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडसरापाशी होते. साडेसहापर्यंत तो दूर झाला. पुढचा हजार यार्डांचा टापू म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. बांध उडवलेले, झाडे आडवी, वर गोळ्यांचा वर्षाव. साडेदहापर्यंत तोही पार पडला. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रातून पुढे निघाले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. येथे राणे यांचे काम संपले असे कोणीही म्हटले असते. परंतु रणगाड्यांमागून अन्न, दारूगोळा आणि औषधे घेऊन येणाऱ्या गाड्यांना नदीपात्रातून जाता येत नव्हते. त्यांना रस्ताच हवा होता. म्हणून अन्न न घेता, विसावा न घेता, रात्री नऊपर्यंत ते मागचा रस्ता मोकळा करीत राहिले. ११ एप्रिलला सकाळी अकरापर्यंत चिंगसचा रस्ता वाहतुकीस खुला झाला, आणि त्या रात्री दहापर्यंत त्यांनी पुढचाही रस्ता साफ केला. १२ एप्रिलला आपले सैन्य राजौरीत पोहोचले.

या धैर्याचे स्वरूप

वाचकहो, या चार दिवसांत राणे यांनी किती शत्रू मारले, याचा उल्लेख त्यांच्या सन्मानपत्रात नाही. तेथे उल्लेख आहे तो वेळेचा: किती वाजता काम सुरू केले आणि किती वाजता पुरे केले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे धैर्य लगेच ओळखू यावे. पेरणीच्या दिवसांत पहाटे उठून नांगर धरणारा आणि अंगात ताप असूनही तास पुरे करणारा माणूस आपण पाहिलेला असतो. तशीच चिकाटी, फक्त येथे प्रत्येक फावड्यागणिक मरण होते.

एका क्षणाच्या आवेशात माणूस मोठे साहस करून जातो. ते थोरच, परंतु पहिल्या दिवशी जखमी होऊन, आपली दोन माणसे डोळ्यांदेखत गमावून, दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तेच काम हाती घेणे, आणि तिसऱ्या व चौथ्या दिवशीही घेणे, हे आवेशाने होत नाही. त्यासाठी मनाशी एकदा निश्चय करून रोज सकाळी तो पुन्हा करावा लागतो. त्यागाचा अर्थ आम्हांस येथे स्पष्ट दिसतो. आपल्या मागून येणाऱ्याला सुखरूप जाता यावे म्हणून आपण आधी जावयाचे, आणि तो निघून गेल्यावरही त्याच्यामागून येणाऱ्यासाठी थांबून राहावयाचे.

दधीचीच्या अस्थी

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र स्थापन झाले. रणांगणावरील शौर्यासाठी याहून मोठा सन्मान आपल्या देशात नाही. काश्मीरच्या त्या लढाईत पाच जणांना तो मिळाला. त्यांपैकी तिघे कामी आले होते. जिवंत राहिलेले दोघे म्हणजे लान्स नाईक करमसिंग आणि सेकंड लेफ्टनंट राणे. आजपर्यंत परमवीर चक्र फक्त एकवीस जणांना मिळाले आहे आणि त्यांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे.

या पदकाची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी योजिली. जन्माने त्या युरोपीय, लग्नाने महाराष्ट्रीय. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्यांनी हा देश आपला मानला आणि येथील पुराणांचा मनापासून अभ्यास केला. पदकावर त्यांनी चार वज्रे कोरली. वज्राची कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते: देवांना शस्त्र हवे होते, आणि दधीची ऋषींनी त्यासाठी आपल्या अस्थी दिल्या. शस्त्र दुसऱ्याने चालवले, जय दुसऱ्याचा झाला. देह मात्र दधीचींनी दिला. वाट मोकळी करणाऱ्या सफरमैनेच्या छातीवर हे चिन्ह किती शोभून दिसले असेल!

परत आलेले आणि न आलेले

राणे यांच्या आधीही मराठी खेड्यांतील मुलांनी परदेशच्या भूमीवर असेच धैर्य दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ८७,००० परत आली नाहीत. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या तुकडीतील सर्व सोबती मारले गेले किंवा जखमी झाले असता ते एकटे मशीनगनवर धावून गेले होते आणि ती त्यांनी बंद पाडली होती. वय अवघे बावीस.

नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याच इटलीत, सेनिओ नदीच्या काठी आधी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उंच बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. मग शत्रूची तीन ठाणी एकट्याने बंद पाडली. हाताला जखम झालेली असताना ते बांधावर चढले, मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना पुढे येण्याची खूण केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांच्या घरी पदक आले, मुलगा आला नाही. जाधव घरी परतले आणि १९८४ पर्यंत आपल्यामध्ये राहिले.

न परतलेल्यासाठी स्मारक उभारले जाते, आणि ते योग्यच आहे. परत आलेल्यावर मात्र दुसरेच ओझे असते. सोबती का गेले आणि आपण का राहिलो, हा प्रश्न त्याला पुष्कळदा जन्मभर सोबत करतो. त्याचे उत्तर त्याला कोणी देऊ शकत नाही. ओसरीवरचे आजोबा लढाईविषयी बोलत नाहीत त्याचे एक कारण बहुधा हेच असेल.

घरी परतल्यावर

राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत युद्धवृत्तान्तात त्यांचा पाच वेळा गौरवाने उल्लेख झाला. १९५५ साली त्यांचा विवाह झाला होता आणि त्यांना चार अपत्ये झाली. उतारवयात ते पुण्यात होते, आणि ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, तेथील लष्करी रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजास त्यांचे नाव देण्यात आले. २००६ च्या नोव्हेंबरात कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ साली, २३ जानेवारीस, अंदमानातील एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांतील एक बेट राणे यांच्या नावाचे आहे.

पुतळे, जहाजे आणि बेटे प्रत्येक शिपायाच्या वाट्यास येत नाहीत, आणि त्याची अपेक्षाही तशी नसते. पण निवृत्त शिपाई आपल्या घराला आणि गावाला काय देऊन जातो, याचे एक थोर उदाहरण आपल्या माळव्यातच घडले आहे. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेला मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रामजी निवृत्त झाले ते मुलगा लहान असतानाच. निवृत्तिवेतन तुटपुंजे, संसार मोठा, वर अस्पृश्यतेचा जाच. तरीही पलटणीत अंगी बाणलेली शिस्त आणि विद्येची ओढ त्यांनी मुलाला दिली. मुलाच्या अभ्यासासाठी पुस्तक हवे असले की ते उसनवारी करावयासही मागेपुढे पाहत नसत. सुभेदारांनी आपल्या घरात जी वाट मोकळी केली, तिच्यावरून पुढे कोट्यवधी लोक चालत गेले.

या सर्व हकिगतींत घरच्या स्त्रीचा वाटा आम्हांस विसरता येत नाही. शिपाई सीमेवर असता शेत, गुरे, म्हातारे सासूसासरे आणि लहान मुले तिने सांभाळली. पत्र येण्यास उशीर झाला की तिने मनातली धास्ती मुलांना कळू दिली नाही. वृद्ध सैनिकाचा गौरव करताना त्याच्या शेजारी बसलेल्या आजीला वगळले, तर तो गौरव अर्धाच राहील.

आपले कर्तव्य

मग आपण काय करावे? शाल, श्रीफळ आणि हार यांना आमचा विरोध नाही. परंतु एका दिवसाचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. वृद्ध सैनिकाला त्याहून साध्या गोष्टींची गरज असते.

निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी, बहुधा नोव्हेंबर महिन्यात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो मोबाईलवर चेहऱ्याची ओळख पटवूनही देता येतो. पण ऐंशी वर्षांच्या हाताला ते यंत्र वळत नाही. गावातल्या शिकलेल्या मुलाने अर्धा तास काढला तर काम होते. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण होताच मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीस तीस, नव्वदीस चाळीस, पंचाण्णवास पन्नास टक्के, आणि शंभरी गाठल्यास शंभर टक्के. जन्मतारखेची नोंद चुकीची किंवा अपुरी असल्यास ही वाढ अडून राहते. तेव्हा घरातील कागद एकदा नीट तपासून पाहावेत. आजोबांच्या मागे आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दोघांची नावे सर्व कागदांवर एकसारखी आहेत की नाहीत, हे त्यांच्या हयातीतच पाहून ठेवावे. २००३ सालापासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे, तिचे कार्ड काढले आहे की नाही, हेही विचारावे. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात या सर्व बाबींची माहिती मिळते.

दुसरी गोष्ट पैशाची नाही. एक वही घ्यावी. तीत आजोबांचे नाव, पलटण, शिपाई क्रमांक, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष, कोठे कोठे नेमणूक होती, आणि जे सोबती परतले नाहीत त्यांची नावे लिहून ठेवावीत. आजोबा सांगतील तेवढेच लिहावे. आग्रह करू नये. जखमेवरची खपली ओढून काढावयाची नसते. पण कोणीतरी ऐकावयास बसले आहे, एवढे कळले की पुष्कळदा माणूस आपण होऊन बोलतो. शाळेतील मुलांनी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा करताना गावातील एका तरी वृद्ध सैनिकाच्या घरी जाऊन बसावे. त्या निधीचा अर्थ त्यांना तेथे कळेल.

नोव्हेंबर महिन्यात आपली ख्रिस्ती कुटुंबे मृतांची आठवण करतात, त्यांच्या कबरीवर फुले ठेवतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. त्याच महिन्यात हयात असलेल्या वृद्ध सैनिकाला आपण जिवंत असल्याचे सरकारास सांगावे लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या तर बरे. मृतांसाठी आपण प्रार्थना करावी, आणि जो जिवंत आहे त्याला आपल्या वागण्यातून तो जिवंत असल्याचे कळावे. आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपण लहानपणी पाठ केलेली असते. ज्यांनी आपले तारुण्य देऊन आपल्या आईबापांची घरे राखली, तेही त्या मानाचे धनी आहेत असे आम्हांस वाटते.

नौशेऱ्याहून राजौरीला आजही रस्ता जातो. त्यावरून गाड्या जातात, मुले शाळेत जातात, भाजी बाजारात जाते. तेथून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना १९४८ चे ते चार दिवस ठाऊक नसतील. रस्ता चांगला असला की तो कोणी मोकळा केला, हे विचारण्याची गरज माणसाला भासत नाही. आपण सारेच अशा कोणीतरी मोकळ्या केलेल्या वाटेने चाललो आहोत. ती वाट करणारे काही हात आज थरथरत आहेत, आणि त्यांपैकी एखादी जोडी कदाचित आपल्याच शेजारच्या ओसरीवर आहे. तिकडे जाण्यास फार दिवस लावू नयेत, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.